काळ्या रंगाखालचं

जीप विकायला काढली तेव्हा पेंटर म्हणाला, "दादा, खालनं एक काळा हात मारूया. सहाशे रुपयांत काम होतंय. गिऱ्हाईक काय वाकून बघत न्हाई, आणि बघितलंच तर सगळं काळंच दिसतंय."

मी म्हटलं, "उद्या सांगतो."

गोष्ट २०१९ च्या उन्हाळ्यातली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सहाशे रुपयांसाठी माणसाची झोप उडत नाही. पण त्या काळ्या हातानं मला बावीस-तेवीस वर्षं मागं नेलं.

आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात. पाऊस म्हणाल तर जूनला लागला की गणपतीपर्यंत माणसाला वाळू देत नाही. १९९६ च्या दिवाळीत उसाचं बिल आलं होतं. धाकटा घरात रिकामा बसून होता. तेव्हा आमच्या भागात वडापच्या जीपा नुकत्या वाढायला लागलेल्या. मलकापूरचा बाजार, शाळेची पोरं, दवाखान्याची माणसं, एस्टी दिवसाला दोन. धाकटा म्हणाला, "दादा, एक जीप घेऊया. मी चालवतो." मग आंबा घाट उतरून रत्नागिरीकडं गेलो आणि एका दलालाकडून १९८४ ची महिंद्राची डिझेल जीप पासष्ट हजाराला आणली.

गाडी कशी होती म्हणाल तर नवरीसारखी. हिरवा रंग चकचकीत. टायर नवे. खालून काळा रंग मारलेला, डांबरासारखा जाड. मी दहावी शिकलेला, इंजिनाचा आवाज ओळखणारा माणूस. आमच्याकडं डिझेल इंजिन होतं मोटेच्या जागी, त्याचे नोझल मी स्वतः काढून साफ करायचो. तरी मी काय बघितलं? रंग बघितला, टायर बघितले, इंजिनाचा आवाज ऐकला. खाली वाकून बघितलं, पण काळं दिसलं म्हणून उठलो. त्या काळ्यावर पान्यानं एक टोला मारला असता तर पापुद्रा हातात आला असता.

ही जीप बंदरावरची मासळी ओढत होती, हे आम्हाला पुढं कळलं. मासळीच्या पेट्यांतलं बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं फळीच्या फटींतून खाली चासीवर ठिबकलं होतं. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतोच. त्यात मीठ मिळालं की तो धावत सुटतो. आणि गंजाची एक वाईट खोड आहे. जेवढं लोखंड तो खातो, त्याच्या कितीतरी पट जागा तो व्यापतो. म्हणून तर नट-बोल्टाच्या आट्यांत शिरला की आतल्या आत फुगतो आणि दोघांना असा एकजीव करतो की पाना फिरवला तर बोल्टाची मान तुटते, नट काही हालत नाही.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्याआधी, १९९८ च्या मे महिन्यात, मी पाटे बदलायला म्हणून जीप मलकापुरात आमच्या मिस्त्रीकडं नेली. मिस्त्री म्हातारा, बोलायला कमी. चार बोल्ट काढायला त्याला दोन दिवस लागले. ते काम मी शेजारी बसून बघितलं आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. आधी त्यानं तारेच्या ब्रशानं गंज खरवडला. मग घासलेट आणि ब्रेक ऑइल एकत्र करून थेंबथेंब सोडलं आणि म्हणाला, "आता घरी जावा. रातभर पिऊ दे त्याला." दुसऱ्या दिवशी नटाच्या सहाही कडांवर हलक्या हातानं हातोडी वाजवली. मग पाना लावला, पण सोडायच्या दिशेनं नाही. आधी केसभर आवळला, मग केसभर सोडला. पुन्हा आवळला, पुन्हा सोडला. मी म्हटलं, "मिस्त्री, सोडायचा आहे ना?" तर म्हणाला, "आधी त्येला हलू तर दे."

दोन नट असे सुटले. तिसऱ्याला गॅसची ज्योत दाखवली. नट लाल झाला की तो बोल्टापेक्षा जास्त फुगतो, आट्यांची मिठी ढिली होते. पण पाट्याला ज्योत लागू नये म्हणून त्यानं मध्ये पत्रा धरला होता. पाटा लाल झाला की त्याचं पाणी उतरतं आणि मग तो ओझ्याखाली नुसता वाकतो. चौथा बोल्ट तुटलाच. त्याच्या बुडख्यावर एक नवा नट ठेवून वेल्डिंग केलं आणि त्या गरमीतच बुडखा फिरवून बाहेर काढला. शॅकलच्या पिना आणि बुश कोल्हापुरात उद्यमनगरातून लेथवर करून आणल्या.

हे सगळं झाल्यावर मिस्त्रीनं मला खाली बोलावलं. जाड काळ्या रंगाचा एक पापुद्रा त्यानं नखानं उचलला आणि ब्रेकचा पाइप दाखवला. मागच्या चाकांकडं जाणारा. बाजरीच्या कणसावर दाणे असावेत तसे त्याच्यावर गंजाचे फोड आले होते. म्हणाला, "हे पाइप चारी बदला. चाकाच्या सिलिंडरातले पिस्टनपण धरलेत. आजच करूया."

"किती?"

"नऊशे-हजार जातील."

पाट्यांवर आणि पिनांवर माझे साडेतीन हजार गेले होते. खताची उधारी होती. उसाचा दुसरा हप्ता जुलैच्या अखेरीस यायचा होता. मी म्हटलं, "हप्ता आल्यावर करू. तोवर चालतंय तसं चालू दे." मिस्त्री काही बोलला नाही. कापडानं हात पुसत राहिला.

जुलैच्या एकोणीस तारखेला, रविवारी, गावाकडं उतरायच्या चार वळणांच्या घाटात तो पाइप फुटला. आमच्या जीपला ब्रेकचं तेल एकाच सिलिंडरातून चारी चाकांना जायचं. एक पाइप फुटला की चारी चाकं मोकळी. हँडब्रेक ओढला तर केबल नळीतच धरून बसलेली. आत अकरा माणसं. धाकट्यानं गिअर खाली पाडला आणि गाडी दरीकडं न घालता डोंगराच्या अंगाला, गटारीत घातली. अकराच्या अकरा वाचली. धाकट्याच्या मांडीचं हाड मोडलं. खालच्या आळीतल्या एका म्हातारीचं मनगट मोडलं. बाकीच्यांना खरचटलं.

गावानं धाकट्याला डोक्यावर घेतलं. कोल्हापुरात दवाखान्यात तो पडून होता तेव्हा रोज कोणी ना कोणी डबा घेऊन यायचं. घरी आल्यावर ग्रामपंचायतीनं नारळ-टॉवेल देऊन सत्कार केला. ती म्हातारी सत्काराला आली होती, हात गळ्यात बांधून. म्हणाली, "ह्या लेकरानं मला दुसरा जल्म दिला." मी तिला उपचाराला म्हणून पाचशे रुपये दिले तर तिनं घेतले नाहीत. मीच तिच्या सुनेच्या हातात कोंबले. त्या वेळी मी किती उदार वाटलो असेन लोकांना!

मी दोन माणसं घेऊन रत्नागिरीला दलालाशी भांडायला गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही विचारलंत का, गाडी कशावर होती ते? नाही विचारलंत. मलाही कोणी सांगितलं नव्हतं." मी त्याला शिव्या घातल्या. परतताना गाडीत सगळे म्हणत होते, माणूस नव्हे, राक्षस. मीही म्हणत होतो. पुढची वीस वर्षं ही हकीकत मी कुठंही सांगितली तर अशीच सांगितली. काळ्या रंगाखाली गंज लपवून आम्हाला कसं फसवलं, आणि धाकट्यानं कशी माणसं वाचवली. त्यात मिस्त्री नव्हता. मे महिना नव्हता. नऊशे रुपये नव्हते.

धाकट्याचा पाय इंचभर आखूड राहिला. वडाप त्यानं सोडलं, गिरण टाकली. जीप दुरुस्त झाली. सगळे पाइप, सगळे सिलिंडर नवे. मग ती शेतीच्या कामाला राहिली. दर वर्षी पावसाळ्याआधी मी स्वतः तिच्या खाली झोपायचो. लोक म्हणायचे, दादाचा लई जीव आहे जीपवर. जीव कसला, भीती होती.

तर पेंटरनं काळ्या हाताची गोष्ट काढली तेव्हा हे सगळं आठवलं. कारण चासी मागच्या बाजूला, शॅकलच्या कानाजवळ, पुन्हा खाल्ली होती. मी २०१४ ला त्यावर पट्टी मारून घेतली होती आणि त्या पट्टीच्या कडेनं आता नवी चीर दिसत होती. गिऱ्हाईक शेजारच्या गावचा पोरगा. पंचविशीतला. जुन्या जीपांचं वेड. पंच्याऐंशी हजार बोलून गेला होता. मला पैशांची गरज होती. मंडळीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं.

रात्री मी वकिलासारखा दोन्ही बाजूंनी भांडलो. एक बाजू म्हणाली, पस्तीस वर्षांची जीप घेणाऱ्याला गंज असणार हे कळत नाही का? किंमत त्याचीच तर कमी आहे. सगळंच सांगत बसलं तर जगात जुनी वस्तू विकली जाणार नाही, आणि गरिबाकडं विकायला जुन्याशिवाय असतं काय? ही बाजू खोटी नाही. बाजार ह्याच्यावरच चालतो. पोत्यातला शेंगदाणा विकताना प्रत्येक किडका दाणा वेगळा काढून कोणी दाखवत नाही.

तेव्हा मला वडिलांचा बैल आठवला. १९७२ च्या दुष्काळानंतर एक बैल विकायला ते बाजारात गेले, मी बारा-तेरा वर्षांचा, सोबत. बैल वयानं उतरलेला होता आणि मारकाही होता. रुमालाखाली हात गेले, बोटं दाबली गेली, सौदा जुळत आला. वयाबद्दल वडील एक अक्षर बोलले नाहीत. पण हात सोडायच्या आधी म्हणाले, "पावणं, मारका हाय. डाव्या अंगानं जाऊ नका. घरात पोरंबाळं असतील तर गोठ्याला आडणा घाला." त्या माणसानं साठ रुपये कमी केले. घरी आई चिडली. मी वडिलांना विचारलं, "वय सांगितलं न्हाई, मग हे कशाला सांगितलं?" ते म्हणाले, "दात त्यानं तोंड उघडून मोजले. मारकेपणा कुठं उघडून बघणार?"

त्या वेळी मला ते नीट कळलं नव्हतं. आता वाटतं, सगळं नीतिशास्त्र त्यात आलं. वस्तूतलं जे उणं समोरच्याला डोळ्यांनी दिसू शकतं, त्याची जबाबदारी त्याच्या डोळ्यांवर थोडी टाकता येते. सीट फाटली आहे, हे ओरडून सांगायची गरज नाही. पण जे फक्त मलाच ठाऊक आहे, आणि ज्यावर कोणाचे हातपाय अवलंबून आहेत, ते न सांगणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. ते करणं आहे. आणि त्यावर काळा रंग मारणं म्हणजे तर समोरच्याचे डोळे आपल्या हातानं झाकणं. तिथं 'त्यानं विचारलं नाही' ही सबब चालत नाही. विचारायचं काय हेच त्याला ठाऊक नसतं.

आमच्याकडं सोयाबीनवर तांबेरा पडतो. तो आधी पानाच्या खालच्या अंगाला दिसतो. बांधावर उभं राहून रान हिरवंगारच दिसतं. पान उलटून बघावं लागतं. मी दलालाचं पान वीस वर्षं उलटून दाखवत होतो. माझं कधी उलटलं नव्हतं. दलालाला निदान मासळीचं पाणी प्रत्यक्ष दिसलं नसेल. मला पाइप दिसला होता. मिस्त्रीनं नखानं उचलून दाखवला होता. आणि ज्या अकरा माणसांनी दोन-दोन रुपये देऊन आमच्या जीपमध्ये जीव टाकला, त्यांना मी सांगितलं नव्हतं.

सकाळी उठून मी पेंटरला फोन केला, नको म्हणून. मग गिऱ्हाइकाच्या पोराला फोन केला आणि चिरेचं सांगितलं. तो थोडा गप्प झाला. म्हणाला, "येऊन बघतो." मग चहा पिऊन गिरणीवर गेलो.

दुपारची वेळ, गिरणीवर कोणी नव्हतं. धाकटा पाळूचे टाके घालत बसला होता. मी पोत्यावर बसलो. वीस वर्षांत दोघा भावांनी वाटण्या केल्या, बांधाचं भांडण केलं, ते मिटवलं, पण हे बोललो नव्हतो. कसं सुरू करावं कळेना. शेवटी म्हटलं, "तो पाइप फुटला ना, तो मला ठाऊक होता. मिस्त्रीनं मे महिन्यातच सांगितलं होतं. मी पैशासाठी थांबवलं."

त्यानं छिन्नी खाली ठेवली नाही. टाक-टाक चालूच होतं. मग म्हणाला, "मला पण सांगितलं होतं."

"कुणी?"

"मिस्त्रीनंच. जूनमध्ये हवा मारायला गेलो तवा. म्हटला, दादाला सांगितलंय, तू तरी करून घे. मी म्हटलं दादाकडं पैसे नसतील म्हणून गप बसला असल. त्येला कशाला घोर लावायचा." टाक-टाक. "शनवारी पायडल जरा खाली गेल्यासारखं वाटलं हुतं. रविवारी बाजार. भाडं भरपूर."

मी काय बोलणार? वीस वर्षं मला वाटत होतं की मी त्याच्यापासून लपवलं. तो माझ्यापासून लपवत होता. एकमेकांना घोर नको म्हणून दोघंही गप्प, आणि त्या प्रेमापोटी अकरा माणसं घाटात. ह्याला काय म्हणावं? वाईट माणसाचं पाप सोपं असतं, त्याला शिव्या घालता येतात. आमच्या दोघांत कोणी वाईट नव्हतं. एकाला खताची काळजी होती, दुसऱ्याला भावाची. प्रवाशांची काळजी कोणाच्या वाट्यालाच आली नव्हती.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "सत्काराचा टॉवेल मी कधी वापरला न्हाई. बघितलंस का तू?" मी बघितलं नव्हतं.

पोरगा दोन दिवसांनी आला. सतरंजी टाकून जीपच्या खाली शिरला. चीर मी त्याला बॅटरीच्या उजेडात दाखवली, पट्टी दाखवली. वर आल्यावर त्यानं बासष्ट हजार सांगितले. मी हो म्हटलं. मंडळी मागीलदारातून ऐकत होती. तिनं माझ्याशी त्या दिवशी बोलणं सोडलं, आणि तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तेवीस हजारांनी माझं मन हलकं झालं, पण गुडघा तिचा होता. ऑपरेशन चार महिने लांबलं. खरं बोलण्याचा खर्च खरं बोलणाऱ्यानंच भरला, असं दर वेळी होत नाही. हेही लिहून ठेवतो, नाहीतर ही गोष्ट फार साजरी होईल.

जीप त्यानं मलकापुरातच उघडली. जुना मिस्त्री आता नाही, त्याचा मुलगा बसतो. मी आणि धाकटा दोघं गेलो. काम होतं म्हणून नाही, गेलो. पट्टी गॅसनं कापून काढली तर खाली रुपयाएवढं भोक, आणि त्याच्या कडा बिस्किटासारख्या चुरत होत्या. मिस्त्रीच्या पोरानं चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत नेलं. वीतभर गेलं. म्हणाला, "गंजावर वेल्डिंग धरत न्हाई. मागच्या खेपेला वरनंच मारलं हुतं." मागच्या खेपेला मीच म्हटलं होतं, वरूनच मार म्हणून.

शॅकलचा एक बोल्ट काही केल्या हलेना. पोरानं घासलेट सोडलं आणि लगेच लांब पाइप घालून पाना ओढायला लागला. धाकटा आखूड पायानं लंगडत पुढं गेला आणि त्याच्या हातातून पाना घेतला. म्हणाला, "आज राहू दे. रातभर पिऊ दे त्येला." दुसऱ्या दिवशी त्यानंच आधी केसभर आवळला, मग केसभर सोडला. अर्ध्या तासानं बोल्ट आला, अख्खा.

जीप न्यायच्या दिवशी तो पोरगा चावी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि हसत म्हणाला, "दादा, अजून काय सांगायचं राहिलंय का?"

मी आठवून आठवून सांगितलं. थंडीत पहिल्या खेपेला सुरू होत नाही. रिव्हर्स पडताना कधी दात वाजतात. उजव्या अंगाचा दिवा खड्ड्यात गेला की विझतो, बोनेटवर थाप मारली की लागतो. त्यानं सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

म्हातारीचं त्याला सांगितलं नाही. ते त्याला सांगायचं नव्हतं. जिला सांगायचं होतं ती २००७ साली गेली. तिचं मनगट शेवटपर्यंत वाकडंच राहिलं होतं. भाकरी थापताना एका अंगाला जाड व्हायची, असं तिची सून सांगते. आणि वाटेत भेटली की तोच वाकडा हात ती माझ्या डोक्यावर ठेवायची. मी खाली वाकायचो, आणि काही बोलायचो नाही.